नजराणा, मृत्युकर व बक्षीसपत्र : वारसा व दान यांवरील करांचा कागदोपत्रीं माग

इनामी गांवांचीं दप्तरें चाळणारास 'नजराणा' हा शब्द पुन्हापुन्हा भेटतो, व तो जितक्या वेळां भेटतो तितक्या वेळां त्याचा अर्थ एकच असतो असें मानण्याची संवय संग्राहक-मंडळींत रूढ झाली आहे. इनामदाराच्या घराण्याची वंशावळ जुळवितांना जेथें नजराणा दिसला तेथें एक मृत्यु किंवा एक दत्तविधान झालें असें धरून पिढी वाढवावयाची, ही रीत आम्हीं अनेक हस्तलिखित वंशावळींत पाहिली आहे. पेशवाईच्या कागदांस ती बहुधा लागू पडते. परंतु १८६३ नंतरच्या कागदांस ती लावली असतां वंशावळ साफ बिघडते. हा घोटाळा दूर करावा, आणि त्या निमित्तानें मृताच्या मालमत्तेवर व जिवंतपणीं दिलेल्या देणगीवर आपल्याकडे कोणत्या पातळीवर, कोणत्या नांवानें कर बसत आला याचा माग घ्यावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. विषय रुक्ष आहे. तथापि ज्यांच्या घरीं पोथ्यांच्या पेट्या आहेत त्यांस तो टाळतां येण्यासारखा नाहीं. कारण त्या पेट्या आज ना उद्यां दुसऱ्या हातीं जावयाच्या आहेत.

प्रथम जुन्या अमलाकडे वळूं. वारसाच्या दृष्टीनें सरंजाम, वतन व इनाम यांची जात निरनिराळी होती. सरंजाम चाकरीकरितां दिलेला असे. धनी वारला म्हणजे तो तत्त्वतः सरकारांत परत येई, आणि पुत्राकडे चालविणें झाल्यास नवी सनद होऊन त्या प्रसंगीं नजर घेतली जाई. वतन मिरासीचें असल्यानें तें औरस पुत्रास ओघानेंच पोंचे. दत्तकाचा प्रश्न आला म्हणजे मात्र सरकारची मान्यता लागे, व मान्यतेबरोबर नजर आलीच. ज्याच्या मागें कोणीच वारस नाहीं त्याची चीजवस्त सरकारजमा होई. फारशी परिभाषेंत तिला बैत-उल-माल म्हणत, व अशी जमीन असल्यास ती 'गतकुळी' म्हणून लिहिली जाई. म्हणजे वारस नसल्यास सर्वस्व, दत्तक असल्यास भारी नजर, व औरस असल्यास हलकी नजर किंवा मुळींच नाहीं, अशी ही चढती भांजणी होती. रकमेस ठराविक दर नसे. ऐपत, वतनाचा उत्पन्नाचा आकार, सरकारची निकड व दरबारांतील वशिला यांवर ती ठरे. आणि नजरेच्या रकमेखेरीज दरबारखर्च म्हणून जें कारकुनांच्या पदरीं पडे तें निराळेंच.

येथें एक सूचना करून ठेवणें अवश्य वाटतें. वतनाच्या कागदांत हरकी, शेरणी व गुन्हेगारी हे शब्दहि रकमांसह येतात. वतनाचा तंटा जिंकणारानें संतोषानें द्यावयाची ती हरकी किंवा शेरणी, व हरणारावर बसे ती गुन्हेगारी. यांचा वारसाच्या नजरेशीं कांहीं संबंध नाहीं. एकाच बंदांत हरकी व नजर दोन्ही जमा धरलेल्या असल्या तरी पहिलीवरून निवाड्याचें साल निघतें आणि दुसरीवरून मृत्यूचें किंवा दत्तकाचें. दोहोंची गल्लत केल्यास दहा-वीस वर्षांचा फरक सहज पडतो.

दानाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. ब्राह्मणास किंवा देवस्थानास गांव वा जमीन इनाम देतांना सनदेंत 'कुलबाब कुलकानू', 'हल्ली पट्टी व पेस्तर पट्टी' सहित, 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें' अशीं वाक्यें येतात, तीं वाचून हें दान सर्व करांतून कायमचें मुक्त झालें असा समज होतो. शब्दार्थ तसाच आहे : चालू पट्ट्या व पुढें बसतील त्या पट्ट्या सर्व माफ. परंतु त्याच काळच्या जमाखर्चांत 'इनाम तिजाई', 'इनामपट्टी' अशा बाबी इनामदारांकडून वसूल झालेल्या आढळतात. सरकारास पैशाची ओढ लागली म्हणजे दिलेल्या दानांतूनहि वाटा परत मागितला जाई. म्हणून नुसती सनद पाहून दानाची खरी किंमत ठरवूं नये. तिच्या जोडीस त्या परगण्याचा जमाखर्च पाहिलाच पाहिजे. सनदा काचेच्या चौकटींत लावून ठेवावयाच्या आणि जमाखर्चाचे बंद रद्दी म्हणून सोडून द्यावयाचे, ही कांहीं संग्राहकांची रीत आम्हांस म्हणूनच अगदीं नापसंत आहे.

इंग्रजी अमलांत या सर्वांची चौकशी सुरू झाली. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाला, व कोणाचें इनाम किती पिढ्या चालावें याचा निवाडा कागदांवरून होऊं लागला. त्या चौकशींत रयतेस जो जाच झाला तो सर्वश्रुत आहे. संशोधकास मात्र तिच्यामुळें कैफियती, वंशावळी व सनदांच्या नकला यांचें भांडार लाभलें. अखेर एकेकाची चौकशी करीत बसण्यापेक्षां सरसकट तडजोड करावी असें ठरून १८६३ सालीं मुंबई सरकारनें दोन कायदे केले. दुसरा कायदा देशावरील जिल्ह्यांकरितां होता व सातवा गुजराथ-कोंकणाकडील. आपल्या वाचकांच्या हातीं येणाऱ्या नाशिक, नगर, पुणें, सातारा येथील बहुतेक सनदा या दुसऱ्या कायद्याखालच्या होत.

या कायद्याचा गाभा असा : इनामदारानें तडजोड पत्करल्यास त्याचें इनाम त्याची खासगी, वारसाहक्कानें चालणारी व विक्री-दानास मोकळी अशी मालमत्ता व्हावी. त्याबद्दल त्यानें दरसाल दोन रकमा द्याव्या. एक, जमिनीच्या पुऱ्या आकाराचा चौथा हिस्सा, म्हणजे रुपयास चार आणे, जुडी म्हणून. दुसरी, रुपयास एक आणा, नजराणा म्हणून. हा दुसरा आणाच आपल्या विषयाचें मर्म आहे. वारस झाला, दत्तक घेतला, जमीन विकली किंवा दान दिली, तर त्या त्या प्रसंगीं सरकारचा जो नजरेचा हक्क उत्पन्न होई, त्या सर्व हक्कांचा कायमचा मोबदला म्हणून हा आणा ठरला. उदाहरणार्थ, जमिनीचा आकार ऐशीं रुपये असेल तर जुडी वीस रुपये व नजराणा पांच रुपये, एकूण पंचवीस. आणि हे पंचवीस रुपये मालक मरो वा जगो, दरसाल सारखेच.

याचा अर्थ स्पष्ट आहे. १८६३ पूर्वीं नजराणा हा प्रसंगाचा कर होता. त्यानंतर तो वर्षासनासारखा झाला. मृत्युकर हप्त्याहप्त्यानें, आणि तोहि मृत्यूच्या आधींच वसूल करण्याची ही युक्ति मोठी चतुर होती असें म्हटलें पाहिजे. गांवच्या हिशेबांत १८७० किंवा १८९० च्या सालापुढें नजराण्याची रक्कम दिसली म्हणजे त्या वर्षीं घरांत कोणी वारलें असें मुळींच सिद्ध होत नाहीं. तेथें वारसाचा पुरावा पाहिजे असेल तर वारसनोंदीची वही, दत्तकपत्र किंवा सनदेच्या पाठीवरील शेरा शोधावा. उलट, तडजोड न झालेल्या इनामांत, म्हणजे देवस्थान इनामें, चाकरीचीं वतनें व राजकीय स्वरूपाच्या जहागिरी यांत, हा आणा लागू नव्हता. म्हणून कागद वाचण्यापूर्वीं इनाम कोणत्या वर्गांतील आहे तें पाहावें, व मगच नजराण्याचा अर्थ करावा.

शहरांत निराळाच कर रुजत होता. १८७० च्या कोर्ट-फी कायद्यानें मृत्युपत्राच्या प्रोबेटवर व वारसव्यवस्थेच्या अधिकारपत्रावर मालमत्तेच्या किंमतीच्या मानानें फी बसली. तिला कर असें कोणी म्हटलें नाहीं, पण मृताच्या इस्टेटीवर शेंकड्याच्या हिशेबानें घेतलेली रक्कम ती करच. संग्राहकांच्या दृष्टीनें या फीपेक्षां तिच्यामागें येणारा कागद मोलाचा आहे. १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणें व्यवस्थापकानें सहा महिन्यांत मालमत्तेची यादी व एका वर्षांत हिशेब न्यायालयांत द्यावयाचा असे. एकाद्या जुन्या शास्त्र्याच्या किंवा सावकाराच्या घरीं कोणत्या पोथ्या होत्या याचा शोध लावणारास अशा याद्यांची फार मदत होते. यादी करणारा कारकून पोथीचें नांव अशुद्ध लिहील, पण संख्या चुकवीत नाहीं.

आतां स्वातंत्र्योत्तर काळ. घटनेच्या सातव्या परिशिष्टांत या करांची वांटणी दोन पातळ्यांवर केली गेली. शेतजमीन सोडून इतर मालमत्तेवरील मृत्युकर व वारसाकर केंद्राकडे, आणि शेतजमिनीवरील तेच कर राज्यांकडे. केंद्रानें वसूल केलेल्या मृत्युकराचें उत्पन्नहि राज्यांसच द्यावयाचें होतें. त्याप्रमाणें १९५३ सालीं, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असतां, मृत्युकराचा कायदा संमत होऊन तो त्या वर्षाच्या १५ ऑक्टोबरपासून अमलांत आला. ज्या राज्यांच्या विधिमंडळांनीं ठराव करून संमति दिली तेथें तो शेतजमिनीसहि लागू झाला. योगायोग असा कीं मुंबई राज्यांत जातइनामें नष्ट करणारा कायदा त्याच वर्षीं ऑगस्टांत लागू झाला. म्हणजे १८६३ चा रुपयामागील एक आणा ज्या इनामांवर उभा होता तीं इनामें बुडाल्यावर अडीच महिन्यांच्या आंत, वारसावरील नवा कर दिल्लीहून आला. जुन्या इनामदार घराण्यांस हे दोन्ही तडाखे एकाच सालीं बसले.

या मृत्युकराचे दोन-तीन नियम कागद वाचणारास ठाऊक असले पाहिजेत. आरंभीं मिताक्षरा कुटुंबांतील मृताच्या हिश्श्यास पन्नास हजारांपर्यंत व इतरांच्या मालमत्तेस एक लाखापर्यंत माफी होती. एकत्र कुटुंबांत हिस्सा वारसानें न जातां सहदायादांकडे उरतो, हा आपल्या धर्मशास्त्राचा सिद्धांत. परंतु कायद्यानें तो हिस्साहि मृत्यूनें संक्रांत झाला असें मानून त्यावर कर घेतला. दुसरा नियम दानाचा : मृत्यूपूर्वींच्या दोन वर्षांत दिलेलें दान मृताच्याच मालमत्तेंत धरावयाचें, व सार्वजनिक धर्मादायास दिलेलें असल्यास ही मुदत सहा महिन्यांची. शिवाय दान दिल्यावरहि दात्यानें उपभोग चालू ठेवला असेल तर तें दान नव्हेच. पुढें दर चढत जाऊन वीस लाखांवरील भागास शेंकडा ८५ पर्यंत पोंचले.

यामुळें १९५३ ते १९८५ या काळांतील वाटणीपत्रें व बक्षीसपत्रें यांवर मृत्युकराची छाया पडलेली आहे. साठीच्या घरांतील कर्ता पुरुष कांहीं तंटा नसतां मुलांची वाटणी करून देतो, वाडा नातवाच्या नांवें बक्षीस करतो, आणि दस्तांत 'ताबा आजच दिला' असें दोनदोनदां लिहवून घेतो, तेव्हां कुटुंबांत कलह होता असें अनुमान काढूं नये. बहुधा वकिलाचा सल्ला होता. विक्रीसाठीं नसलेल्या पुस्तकांस मृत्युकरांतून सूट होती. ही गोष्ट अनेक घरांत कोणास माहीतच नसल्यानें 'कर बसेल' या भीतीनें पोथ्या घाईघाईनें वाटल्या गेल्या, एका ग्रंथाचे दोन खंड दोन भावांकडे गेले; अशा फुटक्या संचांची उदाहरणें बहुतेक संग्राहकांच्या पाहण्यांत असतील. जो कर मुळीं पोथीवर नव्हता त्याच्या धाकानें पोथी तुटावी, याचें वाईट वाटतें.

हा कर १६ मार्च १९८५ पासूनच्या मृत्यूंस लागू राहिला नाहीं. अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंग यांनीं दिलेलें कारण असें कीं उत्पन्न केवळ वीस कोटींच्या आसपास, आणि वसुलीचा खर्च त्या मानानें फार.

दानकराचा इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. मृत्युकर चुकविण्यासाठीं लोक जिवंतपणीं दान करणार हें उघड होतें. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ काल्डोर यांनीं १९५६ च्या आपल्या अहवालांत दानकराची शिफारस केली, व १९५८ च्या अंदाजपत्रकांत पंतप्रधान नेहरू यांनीं तो मांडला. देणारानें तो भरावयाचा असे. जमीन राज्याच्या यादींतील, मग तिच्या दानावर केंद्रानें कर कसा घ्यावा, असा वाद म्हैसुराकडून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७० सालच्या नाझरेथ खटल्यांत न्यायालयानें ठरविलें कीं जमिनीवर कर बसविणें निराळें व दानाच्या व्यवहारावर बसविणें निराळें, दुसरा अधिकार केंद्राचा. हा सूक्ष्म भेद जुन्या सनदांच्या वाचकांस परका वाटूं नये : पट्टी जमिनीवर, नजर प्रसंगावर, हा भेद पेशव्यांचे कारकूनहि पाळीत. दानकर १ ऑक्टोबर १९९८ पासून बंद झाला. जोडीचा संपत्तिकर १९५७ पासून २०१५ पर्यंत टिकला. त्यांत विक्रीसाठीं नसलेलीं हस्तलिखितें, पुस्तकें व पुराणवस्तुसंग्रह यांस स्पष्ट सूट होती.

मग आज काय उरलें आहे ? देवळाली कॅम्पचें उदाहरण घेतल्यास पातळ्यांचा हा प्रश्न चांगला उलगडतो. एकाच गृहस्थाचा छावणींत बंगला, भगूरच्या शिवारांत शेत व नाशिकरोडला घर असूं शकतें. सर्व मिळून कांहीं मैलांच्या आंत. पण मालकी-नोंदीचीं दप्तरें तीन. भगुरास आपली नगरपरिषद आहे व शेताचा उतारा तलाठ्याकडे. नाशिकरोड महानगरपालिकेंत मोडतें. आणि छावणींतील जमिनींची नोंद १९३७ च्या नियमांनुसार ठेवलेल्या जनरल लँड रजिस्टरांत होते, तें दप्तर राज्याचें नव्हे, केंद्राच्या संरक्षण खात्याचें. गृहस्थ वारला तर यांपैकीं कोठेंहि मृत्युकर नाहीं. त्यानें हयातींत घर किंवा शेत पत्नीस, मुलास, मुलीस वा नातवंडास बक्षीस दिलें तर मुद्रांक-शुल्क राज्याचें; २०१५ च्या दुरुस्तीनें अशा राहत्या घराच्या व शेतजमिनीच्या बक्षीसपत्रास तें नुसतें दोनशें रुपये ठरलें. मुद्रांकाखेरीज दानाच्या दस्तांवर स्थानिक संस्थांकरितां अधिभार घेण्याची तरतूद महानगरपालिका व जिल्हापरिषद यांच्या कायद्यांत आहे, ती विसरूं नये.

छावणींतील जुन्या बंगल्याची गोष्ट मात्र सरंजामाची आठवण करून देणारी आहे. 'ओल्ड ग्रँट' या धारणेच्या जागेंत जमीन सरकारची व वरचें बांधकाम तेवढें धारकाचें असतें. मृत्युपत्रांत किंवा बक्षीसपत्रांत 'जमिनीसह बंगला' असें कितीहि ठसठशीत लिहिलें तरी जो हक्क दात्यास नव्हता तो वारसास पोंचत नाहीं. देवळालीच्या बंगल्यांचे जुने दस्त जमविणारांनीं प्रथम रजिस्टरांतील धारणेचा रकाना पाहावा, मग दस्ताची भाषा.

पोथ्यांपुरतें पाहतां स्थावरासारखा नोंदणीचा जुलूम नाहीं. जंगम वस्तूचें दान नुसता ताबा दिल्यानें पुरें होतें. तरी आमचें मत असें कीं तारखेची, दोन साक्षींची व पोथीवार यादी केल्यावांचून संग्रह कोणास देऊं नये. यादी नसलेलें दान पुढच्या पिढींत चोरी ठरतें. केंद्राचा आयकर येथें अनपेक्षितपणें आडवा येतो. २००४ पासून फुकट मिळालेल्या रकमेवर, व २००९ पासून कांहीं वस्तूंवरहि, घेणाराकडून आयकर घेण्याची पद्धत पडली. त्या वस्तूंत पुराणवस्तुसंग्रह, चित्रें, शिल्पें व कलाकृति यांचीं नांवें आहेत, आणि पन्नास हजारांची मर्यादा आहे. नात्यांतील दान, वारसा व मृत्युपत्रानें मिळालेली वस्तु यांतून वगळली आहे. स्नेह्यानें स्नेह्यास दिलेली वस्तु नाहीं. साध्या पोथीचें नांव यादींत नाहीं हें खरें, पण सचित्र पोथी ही कलाकृति नव्हे असें कोण म्हणेल ? आपल्या मंडळींत एकमेकांस चित्रें व सचित्र पोथ्या भेट देण्याची जी उदार चाल आहे, तिच्यांत घेणारानें मूल्य किती तें आधीं पाहणें बरें.

सरकार, विद्यापीठ, राष्ट्रीय संग्रहालय, राष्ट्रीय अभिलेखागार किंवा अधिसूचित सार्वजनिक संग्रहालय यांस हस्तलिखित हस्तांतरित केल्यास, तें मोबदला घेऊन केलें तरी, त्यांतील भांडवली नफ्यावर कर न बसविण्याची तरतूद १९६१ च्या आयकर कायद्यांत झाली. ही सवलत फार थोड्या संग्राहकांनीं वापरली असावी असें आम्हांस वाटतें. बाजारांत पान पान सुटें करून विकणाराला ती कधींच मिळावयाची नाहीं.

राहतां राहिला परदेशस्थ वारसांचा प्रश्न, व तो दिवसेंदिवस मोठा होत आहे. १९७२ च्या पुराणवस्तु कायद्याप्रमाणें शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन वा सौंदर्यदृष्ट्या मोलाचें हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांचें झालें म्हणजे पुराणवस्तु होतें, व तें खासगी माणसास देशाबाहेर नेतां येत नाहीं. नोंदलेल्या वस्तूची मालकी बदलल्यास नोंदणी अधिकाऱ्यास कळवावें लागतें. नाशिकच्या पोथ्या अमेरिकेंत स्थायिक झालेल्या मुलास मिळाल्या, तर त्या येथेंच राहणार. परंतु तो मुलगा तेथें वारला म्हणजे अमेरिकेचा संघराज्यीय मृत्युकर, जो १९१६ पासून चालत आला आहे, त्याच्या जगभरच्या मालमत्तेचा हिशेब मागतो. त्यांत नाशिकची पेटीहि आली. २०२६ पासून तेथील माफीची मर्यादा दीड कोटि डॉलर असल्यानें प्रत्यक्ष कर फार थोड्यांस पडेल. पण तेथेंहि खालची पातळी निराळी : ओरेगॉन राज्याची मर्यादा दहा लाख डॉलरांची आहे, आणि मेरीलंड तर मृताच्या इस्टेटीवर एक व वारसाच्या हिश्श्यावर दुसरा असे दोन कर घेतें. अशा वारसानें पेटीची पोथीवार यादी व तिचें मूल्य लिहून ठेवलेलें नसेल, तर हिशेब मागणाऱ्यास तो काय दाखविणार ?